पेरिमेनोपॉज आणि एचआरटी: घ्यायचे की नाही, हे तुम्ही कसे ठरवले?

निर्झरा (धागाकर्ती)

माझे वय ४७ आहे. सध्या पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा काळ, चालू आहे. गेले वर्षभर पाळीचे गणित बिघडले असून ती कधी तीन आठवड्यांत, तर कधी दोन महिन्यांनी येते. त्याची मला फारशी तक्रार नाही. खरा त्रास रात्रीचा आहे. मध्यरात्रीनंतर छातीपासून वर उष्णतेची लाट चढते, कपडे भिजतात, पाठोपाठ थंडी वाजते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा काम करताना साधा शब्द आठवत नाही आणि घरी क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतो.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हे सर्व तपासून झाले आहे आणि ठीक आहे. डॉक्टरांनी एचआरटीचा, म्हणजे संप्रेरके (हार्मोन्स) औषध म्हणून घेण्याचा पर्याय पुढे ठेवला आहे: इस्ट्रोजेनचा पॅच आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, परंतु निर्णय माझ्यावर सोपवला आहे. माझ्या मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यामुळे बहीण म्हणते की या वाटेला जाऊच नकोस, तर मैत्रीण म्हणते की उगाच सोसते आहेस. दोघींच्या बोलण्यात प्रेम आहे, माहिती मात्र कमी आहे.

मला औषधाचे नाव किंवा मात्रा नको आहे. ज्यांनी हा निर्णय घेतला, मग तो होकाराचा असो वा नकाराचा, त्यांनी कशाला किती वजन दिले, हे समजून घ्यायचे आहे.

रानजाई

मी ४९व्या वर्षी एचआरटी सुरू केली आणि अजून घेते आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगते.

मी वजन दिले ते झोपेला. बाकीच्या तक्रारींसह जगता आले असते, पण झोपेविना मी कामाची राहिले नव्हते. पॅच कमरेखाली, पोटाच्या खालच्या भागावर किंवा कुल्ल्यावर लावायचा असतो, आठवड्यातून दोनदा बदलायचा असतो आणि दर वेळी जागा बदलायची असते. जुना पॅच काढल्यावर त्याच्या कडेचा चिकट, करडा चौकोन त्वचेवर राहतो. तो साबणाने जात नाही, तेलाच्या बोटाने हलके चोळावा लागतो. असल्या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणूनच ती झोपताना घ्यायला सांगतात. माझ्या दृष्टीने तो तोटा नसून बोनस ठरला.

काही आठवड्यांत रात्रीच्या लाटा विरळ झाल्या आणि झोप परतली. शब्द विसरण्यात मात्र फार फरक पडला, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

खडूस काकू

माझ्या आयडीला जागून लिहिते. रजोनिवृत्ती हा आजार नाही. प्रत्येक स्त्रीच्या आयुष्यात येणारा हा टप्पा आहे आणि तो ओलांडूनच आपल्या आया-आज्या पुढे गेल्या. आता त्या टप्प्यालाही औषधाच्या कपाटात बसवण्याची घाई सुरू आहे.

शिवाय एक गोष्ट एचआरटीचे कौतुक करणारे सांगत नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००४ मध्ये गोळ्यांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संप्रेरके घेणाऱ्यांचे हॉट फ्लॅशेस, म्हणजे या उष्णतेच्या लाटा, प्लासिबो गटाच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाले, हे खरेच आहे. पण नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटातही त्यांचे प्रमाण सुरुवातीच्या निम्म्याहून खाली आले होते. म्हणजे काळ आणि धीर हेही काही काम करतातच. मी काहीही न घेता हा काळ काढला आणि आज ठणठणीत आहे.

सांजवात

काकू, आकडे बरोबर आहेत, पण ‘आया-आज्यांनी ओलांडला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यांनी ओलांडला म्हणजे त्यांना त्रास झाला नाही, असे नव्हे. त्यांना विचारले कोणी? माझी आई त्या वर्षांत रात्री उठून ओसरीवर बसून राहायची आणि घरातले सगळे म्हणायचे की तिचा स्वभाव फार तापट झाला आहे. त्या तापटपणामागे न झालेली झोप होती, हे मला माझ्यावर वेळ आल्यावर कळले.

आणि हा टप्पा किती लांब? अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात, वारंवार हॉट फ्लॅशेस येणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे भरला, आणि ज्यांना ते पाळी चालू असतानाच सुरू झाले, त्यांना आणखी जास्त काळ सोसावे लागले. तुम्हाला धीर धरणे जमले याचा आनंद आहे, परंतु सात वर्षांचा धीर धर, असे दुसरीला सांगणे मला जड जाईल.

निदान

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचीही वैयक्तिक चिकित्सा करणार नाही, मात्र या चर्चेत ज्या गोष्टी एकमेकींत गुंततात, त्या सोडवून मांडण्याचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट म्हणजे पेरिमेनोपॉज आणि रजोनिवृत्तीनंतरचा काळ हे वेगळे आहेत. सलग बारा महिने पाळी न आल्यावर रजोनिवृत्ती झाली, असे मागे वळून म्हणता येते. त्याच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन सरळ उताराने कमी होत जात नाही, तर ते वळिवासारखे लहरी असते. एखाद्या महिन्यात ते पूर्वीपेक्षाही जास्त, तर पुढच्या महिन्यात अगदी नीचांकावर असू शकते. म्हणूनच पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीमध्ये एफएसएचची (अंडाशयांना चालना देणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी निदानासाठी सहसा उपयोगी पडत नाही, कारण आजचा आकडा पुढच्या महिन्यात बदललेला असतो. लक्षणे आणि पाळीतील बदल यांवरूनच निदान करायचे असते. निर्झरा यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले, हे मात्र योग्यच झाले, कारण धडधड, थकवा आणि चिडचिड यांची कारणे तिथेही असू शकतात.

दुसरी गोष्ट, गर्भाशय असलेल्या स्त्रीने शरीरभर पोहोचणारे इस्ट्रोजेन एकटे घ्यायचे नसते, कारण त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे १९७५ सालीच लक्षात आले होते. प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध (या गटाला प्रोजेस्टोजेन म्हणतात) दिले जाते ते या अस्तराच्या रक्षणासाठी. ज्यांची पाळी अजून अधूनमधून येते, त्यांना ते साधारणपणे महिन्यातील ठरावीक दिवसच देतात, म्हणजे रक्तस्राव अवेळी न होता बराचसा वेळापत्रकात येतो. पाळी पूर्ण थांबल्यावर रोज देता येते.

तिसरी गोष्ट, ज्या अभ्यासामुळे सगळे घाबरले, तो अभ्यास. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला. त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या, त्यांचे सरासरी वय ६३ होते आणि सर्वांची रजोनिवृत्ती होऊन गेलेली होती. त्यांना दिलेले इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले होते आणि ते तोंडाने घ्यायचे होते. सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध होते. ४७ वर्षांच्या, पाळी चालू असलेल्या, पॅच वापरू पाहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता. मात्र याचा अर्थ तिला धोका शून्य आहे, असाही होत नाही. पेरिमेनोपॉजमधील स्त्रियांवर दीर्घ मुदतीच्या मोठ्या चाचण्या कमी आहेत, ही वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे.

आज बहुतेक तज्ज्ञ संघटनांची भूमिका अशी आहे की, वय ६० च्या आत असेल किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे झाली नसतील, लक्षणे त्रासदायक असतील आणि मनाईचे कारण नसेल, तर फायद्याचे पारडे सहसा जड असते. मनाईची प्रमुख कारणे म्हणजे स्तनाचा कर्करोग किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा अन्य कर्करोग, कारण न कळलेला योनीमार्गातील रक्तस्राव, रक्ताच्या गुठळीचा सध्याचा आजार, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात आणि यकृताचा तीव्र आजार.

तळ्यात-मळ्यात

माझे नाव वाचूनच माझी अवस्था कळेल. निदान यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि थोडी ‘मळ्यात’ सरकले आहे. पण २००२ च्या त्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ झाली, असे मी वाचले होते. २६ टक्के म्हणजे चौघींतील एकीला, असाच अर्थ मी इतकी वर्षे धरला आहे. तो चूक आहे का?

अर्धविराम

चूक आहे, पण ती तुमची नव्हे, बातमी देणाऱ्यांची. आकडेवारी हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

२६ टक्के ही तुलनेने झालेली वाढ होती. मूळ आकडे असे आहेत: दहा हजार स्त्रियांचे एक वर्ष निरीक्षण केले, तर प्लासिबो गटात ३० जणींना आणि औषध घेणाऱ्या गटात ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. म्हणजे दहा हजारांत दरवर्षी आठ जास्त. त्याच हिशेबाने हृदयविकाराच्या सात आणि पक्षाघाताच्या आठ घटना जास्त झाल्या, तर मोठ्या आतड्याचे कर्करोग सहाने आणि खुब्याचे अस्थिभंग पाचने कमी झाले. बातमीच्या मथळ्यात टक्के गेले आणि हे सगळे गळले.

पण नाण्याची दुसरी बाजू न सांगणे हाही अप्रामाणिकपणाच होईल. वापराची वर्षे वाढतात तसा हा धोका साचत जातो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, पन्नाशीला सुरू करून पाच वर्षे इस्ट्रोजेन आणि रोजचे प्रोजेस्टोजेन घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० जणींमागे एक जास्तीचा कर्करोग होतो. प्रोजेस्टोजेन महिन्यातील काही दिवसच घेतल्यास ७० जणींमागे एक आणि इस्ट्रोजेन एकटेच घेतल्यास २०० जणींमागे एक. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि त्यांवर टीकाही झाली आहे, तरी ५० मध्ये एक हा आकडा मला हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही.

तुलनेसाठी आणखी एक हिशेब देतो. ब्रिटनमधील पन्नाशीतल्या एक हजार स्त्रियांपैकी पाच वर्षांत सुमारे २३ जणींना हा कर्करोग तसाही होतो. संयुक्त एचआरटीमुळे त्यात चारची भर पडते, तर लठ्ठपणामुळे चोवीसची. त्यातून एचआरटी निर्धोक आहे, असा अर्थ मी काढत नाही. भीती नेमकी कशाची आणि किती बाळगायची, एवढेच त्यातून ठरवता येते.

खडूस काकू

अर्धविराम, पन्नासात एक हा आकडा स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. तो आकडा डॉक्टरांच्या खोलीत किती जणींना ऐकायला मिळतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

पांथस्थ

बायकांच्या धाग्यावर डोकावतो आहे, क्षमस्व. पत्नीला हाच त्रास आहे. पंख्याचा वेग हा आमच्या संसारातील एकमेव उरलेला वाद आहे आणि त्यात मी नेहमी हरतो. नवऱ्याने नेमके काय करावे, असे कोणी सांगेल का?

सांजवात

पांघरूण वेगळे घ्या, पंखा तिच्या हाती द्या आणि ‘तुझ्या हार्मोन्सचा दोष आहे’ हे वाक्य जन्मात उच्चारू नका. ती डॉक्टरांकडे जाईल तेव्हा सोबत जा, पण उत्तरे तिला देऊ द्या.

केतकीवन

मला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि त्याच्या औषधांनी रजोनिवृत्ती एका झटक्यात अंगावर आली. माझ्यासाठी एचआरटी हा पर्यायच नाही, त्यामुळे ‘घेऊ की नको’ ही द्विधा मनःस्थिती वाचताना थोडा हेवाही वाटतो. तरी या धाग्यावर लिहिणे गरजेचे वाटले, कारण जिला घेता येत नाही किंवा घ्यायची नाही, तिच्यासमोर सोसणे हा एकमेव मार्ग नसतो.

मला नैराश्यावरील औषधांच्या गटातील एक गोळी कमी मात्रेत दिली गेली आणि लाटांची तीव्रता बऱ्यापैकी उतरली. इथे एक सावधगिरी: या गटातील पॅरोक्सेटीन हे औषध टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील गोळीच्या परिणामात अडथळा आणू शकते, म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असलेल्यांना डॉक्टर दुसरे औषध निवडतात. याशिवाय कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा मला झोपेसाठी उपयोग झाला. लाट आल्यावर ‘आता रात्र गेली’ असा जो विचार मनात यायचा आणि त्यामुळे हृदयाची धडधड वाढायची, ती साखळी तोडायला तिथे शिकवले. लाटा येतच राहिल्या, पण लाट ओसरल्यावर पुन्हा झोप लागू लागली.

फेझोलिनेटंट हे संप्रेरकविरहित औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधील ज्या चेतापेशी अतिउत्तेजित होऊन शरीराचे तापमान-नियंत्रण बिघडवतात, त्यांच्यावर ते थेट काम करते. त्याने क्वचित यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून रक्ततपासण्या कराव्या लागतात. माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी सध्या थांबायला सांगितले आहे आणि मी थांबले आहे.

रानजाई

केतकीवन, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. माझ्या जावेला हेच हवे होते.

शुक्रतारा

घेऊन सोडलेल्यांपैकी कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. मी एचआरटी सुरू केली तेव्हा लाटा थांबल्या, पण स्तन इतके दुखरे झाले की कुशीवर झोपता येईना. शिवाय प्रोजेस्टोजेनच्या गोळीचे दिवस आले की मन अकारण काळवंडायचे. पूर्वी पाळीच्या आधी मला जसे व्हायचे, अगदी तसेच. मी आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितले, तर ‘होते थोडे, सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले. मी औषध बंद केले.

वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी हा प्रश्न सुटा करून दाखवला. त्यांचे म्हणणे असे पडले की, इस्ट्रोजेन मला मानवत होते, फक्त मात्रा जास्त होती, आणि न मानवणारे होते ते त्या प्रकारचे प्रोजेस्टोजेन. त्यांनी लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेले गर्भाशयात बसवायचे साधन सुचवले. त्याने अस्तराचे रक्षण तिथल्या तिथे होते आणि शरीरभर औषध कमी पसरते. माझा रक्तस्रावही भरपूर असायचा, तोही आटोक्यात आला. इस्ट्रोजेनचे जेल कमी मात्रेत पुन्हा सुरू केले. साधन बसवतानाची कळ मात्र चांगलीच होती, ‘थोडेसे टोचेल’ या आश्वासनावर विसंबू नका आणि वेदनाशामकाविषयी आधीच विचारा.

निर्झरा, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, मी सर्वांत जास्त वजन दिले ते निर्णय मागे घेता येतो या गोष्टीला. तीन महिने घेऊन बघणे आणि आयुष्यभराची दीक्षा घेणे यांत फरक आहे, आणि हे कळायला मला उशीर लागला.

तळ्यात-मळ्यात

एक बावळट प्रश्न. पाळी महिनोन्‌महिने येत नाही आणि वरून एचआरटी चालू, म्हणजे दिवस राहण्याची चिंता मिटली ना?

निदान

प्रश्न मुळीच बावळट नाही आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. एचआरटीतील मात्रा बीजविमोचन खात्रीने थांबवण्याइतकी नसते. सर्वसाधारण नियम असा की, शेवटची पाळी पन्नाशीच्या आत झाली असेल तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर झाली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे. शुक्रतारा यांनी सांगितलेले साधन दोन्ही कामे करते, ही त्याची जमेची बाजू आहे. धूम्रपान न करणाऱ्या, उच्च रक्तदाब वा आभासह (डोळ्यांपुढे चमक वगैरे पूर्वलक्षणांसह) अर्धशिशी नसलेल्या काही स्त्रियांना पन्नाशीपर्यंत कमी मात्रेची संयुक्त गर्भनिरोधक गोळी हाही पेरिमेनोपॉजच्या तक्रारींवरचा एक मार्ग असतो.

शुक्रतारा यांना जे सांगितले गेले, ते सर्वांनीच लक्षात घ्यावे असे आहे. एचआरटी हे एक औषध नाही, तो औषधांचा संच आहे. इस्ट्रोजेन तोंडाने घेतले की ते आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढतात, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. पॅच वा जेलच्या नेहमीच्या मात्रेत तो वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त असलेल्या किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या स्त्रीला आम्ही त्वचेचा मार्ग सुचवतो. ‘एचआरटी घेऊ का’ असे विचारण्याऐवजी ‘मला कोणते, कोणत्या मार्गाने आणि कशासाठी’ असे विचारलेत, तर डॉक्टरांनाही नीट उत्तर द्यावे लागते.

खडूस काकू

या ‘कशासाठी’वर माझे घोडे अडले आहे. लाटा आणि झोप यांसाठी घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही, सांजवातचे म्हणणे मी इतपत मान्य करते. भांडण आहे ते त्वचा तुकतुकीत राहावी, स्मरणशक्ती टिकावी, म्हातारपण लांबावे म्हणून हे औषध विकणाऱ्यांशी. साठच्या दशकात ‘कायम तरुण राहा’ म्हणून इस्ट्रोजेन खपवले गेले, सत्तरच्या दशकात गर्भाशयाचे कर्करोग वाढलेले दिसले, नव्वदच्या दशकात हृदय वाचवते म्हणून पुन्हा दिले गेले आणि २००२ मध्ये सगळे घाबरून पळाले. आता लंबक परत फिरला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकावरील चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले, त्या वेळचा उत्साह पाहून मला जुन्या जाहिराती आठवल्या. लंबकाच्या प्रत्येक टोकाला कोणी ना कोणी पैसे कमावते.

निदान

काकू, स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी किंवा केवळ तारुण्य टिकवण्यासाठी एचआरटी देऊ नये, याबद्दल आपले एकमत आहे. पासष्टीनंतर सुरू केलेल्यांमध्ये तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला होता. लाळेच्या तपासणीवरून ‘खास तुमच्यासाठी’ बनवून दिलेली मिश्रणे आणि त्वचेखाली बसवायच्या गोळ्या यांपासूनही दूर राहा. त्यांची मात्रा आणि शुद्धता तपासलेली नसते. मंजूर औषधांतही शरीरातील संप्रेरकाशी हुबेहूब जुळणारे इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन मिळते, त्यासाठी असल्या दुकानदारीची गरज नाही.

मात्र इशारे काढण्याबाबत थोडे मतभेद नोंदवते. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनवरही तीच भीतीदायक चौकट होती. ते रक्तात नगण्य उतरते, त्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि कोरडेपणा, संबंधाच्या वेळची वेदना, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांवर ते उत्तम काम करते. ती चौकट वाचून कित्येक रुग्ण क्रीम न वापरता तसेच परत करत. त्या इशाऱ्याचे जाणे मला योग्य वाटते.

मृगजळ

मी फक्त वाचक होते, पण विचारते. माझे वय ३९ आहे आणि सात-आठ महिने पाळी नाही. घरच्यांच्या मते ‘लवकर सुटलीस’. इथली चर्चा मला लागू होते का?

निदान

तुमच्यासाठी हा प्रश्न वेगळा आहे आणि कृपया वाट पाहू नका. चाळिशीच्या आत अंडाशयांचे काम मंदावणे याची नीट तपासणी व्हायला हवी. तुमच्या वयात एफएसएचच्या तपासणीला अर्थ असतो आणि गर्भधारणा नाही ना, हेही पाहिले जाते. निदान पक्के झाले, तर मनाईचे कारण नसल्यास रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरके घेण्याचाच सल्ला देतात. त्रास होत नसला तरीही, कारण इस्ट्रोजेनविना इतकी वर्षे गेल्यास हाडे आणि हृदय यांचे नुकसान होते. २००२ च्या अभ्यासातील आकडे तुमच्या वयाला लावून घाबरू नका.

मृगजळ

धन्यवाद. या आठवड्यात जाते.

निर्झरा

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके प्रतिसाद येतील, असे वाटले नव्हते. माझे आजवरचे विचार लिहिते.

माझ्या कागदावर आता तीन गोष्टी आहेत. मला लाटा आणि झोप यांसाठीच औषध हवे आहे, शब्द आठवण्यासाठी नाही, हे रानजाई यांच्या प्रतिसादाने स्पष्ट झाले. पन्नासात एक हा आकडा मी पाहिला आहे आणि तो लक्षात ठेवूनच मी होकाराकडे झुकते आहे. काकूंनी हे वाक्य दोनदा वाचावे, ही विनंती. आणि पाच वर्षांचा विचार आज करण्याऐवजी मी तीन महिन्यांचा करणार आहे. त्रास लक्षणीय कमी झाला नाही, तर थांबेन. अडले आहे ते मावशीवर. डॉक्टरांनी ‘हरकत नाही’ म्हटले, पण का हरकत नाही, हे सांगितले नाही.

निदान

सर्वसाधारणपणे सांगते. एकाच, आणि तेही दूरच्या नात्यातील स्त्रीला साठीनंतर झालेला स्तनाचा कर्करोग तुमचा मूळ धोका फारसा वाढवत नाही, म्हणून तो मनाईचे कारण ठरत नाही. आई वा बहीण यांना, तरुण वयात, किंवा एकाच बाजूच्या अनेक नातेवाइकांना झाला असता, अथवा घराण्यात अंडाशयाचा कर्करोग असता, तर आधी जनुकीय सल्ला घ्या, असे म्हटले असते. त्यामुळे मावशीच्या भावंडांत आणि तिच्या मुलींत कोणाला काही झाले आहे का, एवढे विचारून घ्या. वयानुसार ठरलेली मॅमोग्राफी आणि रक्तदाब तपासणी एचआरटी असो वा नसो, करायचीच आहे.

खडूस काकू

दोनदा वाचले. आकडा समोर ठेवून घेतलेल्या होकाराला माझा विरोध नाही. तीन महिन्यांनी काय झाले, ते मात्र इथे येऊन लिही, चांगले असो वा वाईट.

शुक्रतारा

निर्झरा, सुरू करण्याआधीचे दोन-तीन आठवडे लाटा, झोप आणि रक्तस्राव यांची रोज एका ओळीची नोंद ठेवा. नंतर ‘बरे वाटते का’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागत नाही. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसणे नेहमीचे आहे. त्यापुढेही चालू राहिले किंवा मध्येच जोरात झाले, तर ‘औषधाचेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

अर्धविराम

नोंदीला जोरदार अनुमोदन. काकूंनी सांगितलेला प्लासिबोचा परिणाम आपल्यालाही चुकत नाही, तेव्हा आधीचे आकडे हाताशी असलेले बरे.

पांथस्थ

पंखा सुपूर्द केला आहे. पत्नीने हा धागा वाचला आणि माझा प्रश्न सर्वांत निरर्थक होता, असे सांगितले. तिचा स्वतःचा प्रश्न असा: ती थायरॉइडची गोळी घेते, त्यात काही अडचण येते का?

निदान

तिचा प्रश्न मोलाचा आहे. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडचे संप्रेरक बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे गोळीची मात्रा वाढवावी लागू शकते. सुरू केल्यावर दीड ते तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासावे. पॅच किंवा जेलने सहसा हा फरक पडत नाही. जेल घेतले, तर ते दंडावर वा मांडीवर लावून पूर्ण वाळू द्यावे, स्तनांवर लावू नये आणि वाळेपर्यंत त्या जागेला लहान मुलांचा स्पर्श होऊ देऊ नये.